खेकड्यांचं गणित

विद्यापीठातले गणिताचे एक सर महिन्यातून एकदा जव्हारला, आमच्या कॉलेजातल्या चर्चागटासाठी येतात. आम्ही जीवशास्त्र-भूगोल शिकवणारे बिचकत बोलतो. ते चष्मा पुसत ऐकून घेतात आणि "बरं, मग?" एवढंच म्हणतात.

एकदा त्यांनी भातखाचरातल्या खेकड्यांची संख्या वर्षभरात कशी बदलते, याचं गणित पडद्यावर मांडलं. त्यात उन्हाळ्यात एकही खेकडा उरत नव्हता. आमच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या जामसरच्या मावशी चहा ठेवता ठेवता म्हणाल्या, "सर, खेकडं मरत नाय. बिलात खोल जाऊन बसतात."

"दाखवाल मला?"

त्याच दुपारी आम्ही जामसरला गेलो. सर कोरड्या बांधावर पालथे पडले आणि मावशींनी दाखवलेल्या बिळात त्यांनी खांद्यापर्यंत हात घातला.

"चावला!" ते ओरडले आणि रक्ताळलेलं बोट आम्हाला दाखवत हसत सुटले.

पुढच्या बैठकीला विद्यापीठातले बरेच मोठे लोक आले होते. सर उठून म्हणाले, "माझं गणित चुकलं होतं. या मावशींनी चूक दाखवली." त्यांनी मावशींना स्वतःच्या खुर्चीत बसवलं आणि त्या सांगतील ते उभ्यानं लिहून घेतलं.

मी फळ्यावर चुकलो की गुपचूप पुसून टाकतो. त्या आठवड्यात मात्र मुलांना म्हणालो, "हे माझं चुकलंय."