खानाने दाढी उपटली तो दिवस

आमच्या गावचा खान आज पहाटे गेला.

लहानपणी मी या माणसाला इतकी भ्यायचे की कोणी नुसतं नाव काढलं तरी भरल्या ताटावरून उठायचे.

नाना. चाकणला आमच्या शेजारचे. कांद्याची शेती, खणखणीत आवाज, आणि एरवी अगदी गरीब गाय.

गोष्ट पन्नासच्या दशकातली. नेमकं साल विचारू नका, मी नुकतीच शाळेत जायला लागले होते. आज दिसतात त्यातली एकही कंपनी तेव्हा नव्हती. करमणूक म्हणजे वर्षातून एकदा भुईकोटात व्हायचा तो गडाचा खेळ.

मोगलांनी आमच्या कोटाला वेढा घातला, सुरुंगाने बुरूज उडवला, तरी आतली माणसं हटली नाहीत, हे सगळं गावकरीच करून दाखवायचे. खरा वेढा भर पावसाळ्यातला, आमचा चैत्रात. कारण तेव्हा माणसं रिकामी असायची आणि कडबा मुबलक!

कडब्याच्या पेंढ्या रचून, वर चिखलाचा लेप देऊन खोटा बुरूज उभा करायचे. पायाशी उखळीची दारू. बार उडाला की बुरूज ढासळायचा, आणि मोगलांचा खान झालेले नाना बाहेरून आरोळी ठोकायचे.

आत आम्ही. बायका आणि मुलं. गडावरची रयत.

नियम एकच. खेळ संपल्याचा नगारा वाजेपर्यंत कोणी कोटाबाहेर पाऊल टाकायचं नाही. टाकलं तर वर्षभर टिंगल, "ही बघा, गड सोडून पळालेली."

त्या वर्षी लेप अर्धाच झाला होता.

बार उडाला, बुरूज ढासळला आणि उघड्या कडब्याने पेट घेतला.

लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मग धूर आला. आईच्या कडेवरचा धाकटा खोकायला लागला. माझे डोळे चुरचुरत होते.

"आई, चल ना."

"बस गप. नगारा कुठं वाजलाय?"

तिने धाकट्याच्या तोंडावर पदर धरला. पण उठली नाही. कोणीच उठलं नाही. समोर आग, आणि आम्ही नियम पाळत बसलेलो.

तेवढ्यात धुरातून खान उडी मारून आत आला. काळी दाढी, लाल फेटा, हातात तलवार.

खेळात खान इतक्या लवकर आत येत नसे. आमच्या मावळ्यांना वाटलं, याच्या अंगात आलंय. त्यांनी त्याला लाठ्यांनी बदडायला सुरुवात केली.

"आग हाय रं! खरी आग हाय! नगारा वाजवा!"

"वा, खानसाहेब!" बाहेरून कोणीतरी दाद दिली.

शेवटी नानांनी तलवार फेकली, मार खात नगाऱ्यापाशी गेले आणि स्वतःच तो बडवला.

एकच झुंबड उडाली. आईला वाटलं मी तिचा पदर धरून आहे. मी नव्हते. मी पाण्याच्या रांजणामागे दडले होते.

आगीला भिऊन नाही. खानाला भिऊन.

तो मला शोधत परत आला. मी किंचाळले. त्याचा हात पुढे आला तशी कडकडून चावले. रक्त आलं, पण त्याने हात मागे घेतला नाही.

दुसऱ्या हाताने त्याने दाढी उपटली. डिंकाने चिकटवलेली मेंढीची लोकर होती ती, सोबत कातडीही निघाली.

"शाले, बघ माझ्याकडं! शेजारचा नाना हाय मी. सकाळी तुला कैरी न्हाई का दिली?"

मग मी त्यांच्या गळ्यात पडले.

पुढच्या वर्षीपासून बाराची दारू बंद झाली. खान मात्र नानाच. फक्त दाढी आमच्या ओट्यावर बसून, माझ्यासमोर लावायचे. "बघून ठेव, मीच हाय." मी मान डोलवायचे आणि तरीही आईच्या मागे जाऊन उभी राहायचे. भीती काही लगेच जात नाही हो.

काल रहाटणीच्या माझ्या घरून हॉस्पिटलला गेले. नाना आयसीयूत. नव्वदीचे झालेले, नळ्या ओढत होते, डोळे विस्फारलेले. त्यांना इतकं घाबरलेलं मी कधीच पाहिलं नव्हतं.

सिस्टर म्हणाल्या, "कोणाला जवळ येऊ देत नाहीत. मास्क लावलेलं माणूस दिसलं की ओरडतात."

मी मास्क काढला. सिस्टर रागावल्या. रागावू देत.

"नाना, बघा माझ्याकडं. शेजारची शालू हाय मी."

बराच वेळ बघत राहिले. मग नळी धरलेला हात सैल पडला. त्या हातावर माझ्या दातांची खूण अजून होती.

"शाले, नगारा वाजला का?"

हो म्हटलं तर ते जातील, हे मला कळत होतं. पण त्या डोळ्यांकडे बघून नाही म्हणवेना.

"वाजला, नाना."

मग त्यांनी डोळे मिटले.

या, नाना. शेजारच्या शालूचा शेवटचा रामराम.