वहिनीचं राहिलेलं आभाळ

वहिनीच्या दहाव्याला कावळा पिंडाला शिवत नव्हता. मी तेव्हा मुंबईत कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होतो. ती तापानं गेल्याची बातमी माझ्यापर्यंत पोचली आणि मी निघालो, तोवर दहावा दिवस उजाडला होता. मुरबाडला मोटारीतून उतरलो आणि घरी न जाता थेट नदीवर गेलो. दादा, माझा थोरला भाऊ, ओल्या धोतरानं पिंडापुढं उभा होता. झाडावर कावळे बसले होते, पण एकही खाली येत नव्हता.

आमच्या मामानं हात जोडून एकेक शब्द द्यायला सुरुवात केली. तुझ्या आईबापाला आम्ही अंतर देणार नाही. तुझ्या नावानं वर्षाला जेवण घालू. कावळे हलले नाहीत. मग आई पुढं झाली. ती हळूच म्हणाली, "सूनबाय, तुझं कापड आमी पुरं करू. आभाळ भरू. जा आता."

एक कावळा खाली आला. सगळ्यांनी श्वास सोडला. दादा तेवढा मान खाली घालून उभा राहिला.

हे कापड म्हणजे काय, ते मला आधी सांगायला हवं. आमच्या घरात कॉलेजात जाणारा मी पहिलाच. लिहायची सवय अजून अंगी बसलेली नाही, म्हणून काही मागंपुढं होईल.

वहिनीचं माहेर शेणव्याजवळचं, पण ती आपल्या मामाकडं शहापूरला राहून मराठी चौथीपर्यंत शिकली होती. तिथल्या शाळेतल्या बाईंनी तिला फुलीच्या टाक्याचं भरतकाम शिकवलं. लग्न ठरल्यावर त्याच बाईंनी तिला एक विलायती नमुना भेट दिला. मोठा कागद, त्यावर बारीक चौकोनी घरं, प्रत्येक घरात एक खूण, आणि कडेला कोणती खूण कोणत्या रंगाची ते इंग्रजीत लिहिलेलं. तळ्याकाठी एक घर, मागं झाडं आणि वर खूप मोठं आभाळ असा तो देखावा होता. जाळीच्या कापडावर कागदातल्या प्रत्येक घराची एक फुली घालायची. कापड पसरलं की आमची अर्धी ओटी झाकली जाई.

वहिनीला इंग्रजी येत नव्हतं, आणि खुणा इतक्या बारीक की कागद बघू की कापड, असं तिचं होई. म्हणून सुट्टीत मी तिच्यासमोर बसून मोजायचो. "पाच हिरवी, दोन काळी, पुन्हा तीन हिरवी." प्रत्येक मोजणीला ती "हूं" म्हणायची आणि मग मी पुढं सरकायचो. दुपारचं काम आटोपल्यावर मिळे तेवढाच वेळ, त्यामुळं एका सुट्टीत एखादं झाड पुरं झालं तरी आम्हाला खूप वाटे.

शेजारची काकू येताजाता टोमणा मारायची की एवढ्या टाक्यांत अख्ख्या गावाच्या गोधड्या शिवून झाल्या असत्या. आईलाही सुरुवातीला हा रिकामा नाद वाटे. कोणाचं घर ते माहीत नाही, त्यात कोण राहतं माहीत नाही, आणि त्यासाठी डोळे फोडायचे. पुढं तीच रोज विचारू लागली, आज कुठपर्यंत आलं. घर झालं, तळं झालं, झाडं झाली, आणि आभाळ तेवढं उरलं, तेव्हा आई म्हणाली, "पांढरंच ऱ्हाऊ दे गो. ढग आले म्हणून सांगू."

वहिनी हसली. "ढग पण भरायचेत, आत्या. पांढऱ्या दोऱ्यानं."

पांढऱ्या कापडावर पांढरा दोरा कशाला, असं मीही विचारलं. तिचं म्हणणं असं, की कापडाचं एक घर जरी उघडं राहिलं तरी डोळा तिथंच जातो. सगळं भरलं पाहिजे. आणि फुलीचा वरचा टाका सगळीकडं एकाच अंगाला कलला पाहिजे. एखादी उलट कललेली दिसली तर वहिनी वाटेल तेवढं मागं उसवत जायची, ती फुली काढायची आणि पुन्हा भरायची. "न्हायतर ऊन पडलं की चोरी उघडी होते, भाऊजी," म्हणायची.

आभाळ अर्धं भरून झालं होतं, तेव्हा ती गेली.

दिवाळीच्या सुट्टीत मी आलो तेव्हा आईनं पत्र्याची पेटी माझ्यापुढं ठेवली. नदीवर शब्द दिला होता, आणि नमुना वाचता येणारा घरात मीच. पुरुषानं सुई धरायची हे आईलाही चमत्कारिक वाटत असणार. ती म्हणाली, दार लोटून बस, कोणाला कळतंय. आमच्या मामानं शहापूरकडचं एक स्थळ दादासाठी आणलं होतं. पण आईचं मत पक्कं होतं, की पहिलीला दिलेला शब्द पुरा झाल्याशिवाय दुसरीचं पाऊल घरात पडू द्यायचं नाही.

पेटी उघडली तर कापडात वहिनीची सुई होती तशीच, दोऱ्यासकट, अर्ध्या फुलीवर थांबलेली. पावसाळ्यात ती गंजली होती. मी ती काढली. गंजाचा एक ठिपका कापडावर राहिला. त्याच्यावरच मी पहिली फुली घातली.

भातकापणीचे दिवस होते. दिवसभर सगळे शेतावर, घरात मी एकटा. आधी कागदावर मोजायचो, मग भरायचो. थोड्या वेळानं माझ्या लक्षात आलं की मी मोठ्यानं मोजतो आहे, आणि मोजून झालं की थांबतो आहे. तिच्या "हूं"ची जागा मी सोडत होतो. न थांबता मोजायचा प्रयत्न केला, पण मग आकडाच चुके. शेवटी मी थांबायचं मान्य केलं. त्या थांबण्यात घर फार शांत होई, आणि समोर कोणी बसलं आहे असं वाटून मी वर बघायचं टाळत असे. मी विज्ञान शिकत होतो. असल्या गोष्टींवर माझा विश्वास आहे की नाही, हे मला आजही ठामपणे सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशी पेटी उघडली तर मी भरलेल्या ओळी उसवलेल्या होत्या. दोरा ओढून काढलेला, जाळीची भोकं जराशी सैल झालेली. पेटीच्या कोपऱ्यात निळ्या दोऱ्याचे तुकडे पडले होते.

मी आईला सांगितलं नाही. कापड उन्हात धरलं, आणि उसवण्यातून सुटलेल्या माझ्या चार फुल्या पाहिल्या. त्या उलट कललेल्या होत्या. मी कायम वहिनीच्या समोर कागदात डोळे घालून बसलो होतो, शेजारी बसून तिचा हात कधी पाहिला नव्हता. वरचा टाका कोणत्या अंगाला टाकायचा ते मी अंदाजानं धरलं होतं, आणि ते नेमकं उलटं निघालं. उलटी फुली दिसली की वहिनी काय करायची, ते मला माहीत होतं.

त्या दिवशी मी कलणं सुधारलं. जपून, तिच्या फुल्यांना लावून लावून भरलं. दुसऱ्या दिवशी तेही उसवलेलं.

मग मात्र मी आईला सांगितलं. ती घाबरली नाही. पेटीला हळदकुंकू लावून, समोर चिमूटभर तांदूळ ठेवून ती समोर कोणी बसलं असावं तशी बोलली, "गो, पोर अजून शिकतोय. हात बसंल त्याचा. तवर जरा चालवून घे." मला हसू आलं आणि त्याच वेळी डोळे भरून आले. दादा दारात उभा होता. तो वळून गोठ्याकडं गेला.

असं आणखी काही दिवस चाललं. मी भरायचो, उसवलं जायचं. माझं कुठं चुकतं आहे ते मी कापडाला विचारू लागलो होतो. सुट्टी संपत आली होती आणि आभाळ होतं तिथंच होतं.

एका दुपारी मी नदीवर अंघोळीला गेलो, पण पंचा विसरलो म्हणून अर्ध्या वाटेवरून परत आलो. दार लोटलेलं होतं. आत दादा बसला होता. कापड त्याच्या मांडीवर होतं आणि हातात बाभळीचा काटा. शेतावरून तो दोरखंड न्यायला म्हणून आला असणार, कारण दोरखंड शेजारी पडलं होतं. फुलीच्या खाली काटा घालून तो एकेक टाका उचलत होता, इतक्या हलक्या हातानं, की शेत नांगरणारा तो हात मला ओळखू आला नाही.

मी विचारलं, "दादा, तूच उसवतोस?"

तो दचकला नाही. "मंग कोण? तिला काय हात ऱ्हायलेत आता?"

मी खाली बसलो. दादा काटा बोटांत फिरवत राहिला. मग कापडाकडं बघतच म्हणाला, "नदीवर आयेनं शब्द दिला ना, तवा मी मनात म्हणत होतो, येऊ नको. कावळ्याला म्हणत होतो. तो शिवला नसता तर ती इथंच ऱ्हायली असती, आपल्या घराभवती. आता हे भरून झालं की ती सुटली. मंग माझ्याकडं काय ऱ्हातं?"

दादाचं लग्न होऊन फार वर्षं झाली नव्हती, मूल नव्हतं. चारचौघांत तो तिच्याशी दोन शब्दही बोलत नसे. मेल्यावर घराभोवती घुटमळणाऱ्या माणसाची सगळ्यांना भीती वाटते. कोणी त्याला धरून ठेवू पाहील, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

मी उरलेल्या निळ्या लड्या उचलल्या आणि त्याच्या हातात दिल्या. संध्याकाळी आईला सांगितलं की निळा दोरा संपला. परदेशी माल जर्मनीच्या लढाईमुळं येत नाही, लढाई संपेपर्यंत मिळणार नाही. बाजारात दोऱ्याची तंगी होतीच, त्यामुळं ते सगळंच खोटं नव्हतं. आईनं मान हलवली. शब्द मोडला नव्हता, थांबला होता. शहापूरचं स्थळही त्याबरोबर थांबलं आणि मग दुसरीकडं गेलं.

त्यानंतर दर सुट्टीत मी आलो की आई लढाईचं विचारायची. गावात जर्मनी कुठं आणि जपान कुठं हे कोणाला ठाऊक नव्हतं, पण आईला ठाऊक होतं. मी वर्तमानपत्रातलं सांगायचो, ती ऐकायची, आणि दादा उठून गोठ्यात जायचा.

लढाई संपल्याचं मुरबाडच्या बाजारात कळलं, तेव्हा आई अंथरुणाला लागली होती. दम्यानं तिला आडवं पडता येत नसे. दिवाळीच्या सुट्टीत मी घरी आलो तेव्हा ती भिंतीला टेकून बसली होती. माझी विचारपूस नाही, काही नाही. म्हणाली, "आता दोरा मिळंल ना रे? मी वर गेले आणि ती समोर आली, तर तिला काय सांगू?"

दादा ओटीवर दोरी वळत बसला होता. त्याचा हात थांबला. तो उठून गोठ्यात गेला आणि बैलांच्या घुंगुरमाळांच्या कोनाड्यातून फडक्यात बांधलेल्या लड्या घेऊन आला. आईपुढं त्या ठेवून म्हणाला, "दोरा हाय. मीच भरतो." आईनं लड्यांकडं पाहिलं, त्याच्याकडं पाहिलं. दोरा कुठून आला, हे तिनं विचारलं नाही.

त्या सुट्टीभर दादा भरत होता आणि मी मोजत होतो. दार लोटलं नाही. शेजारची काकू एकदा डोकावली, बघत राहिली आणि टोमणा न मारताच गेली. दादाला मी काहीच शिकवलं नाही. त्याच्या फुल्या पहिल्यापासून बरोबर अंगाला कलत होत्या. तो कधी तिच्या शेजारी बसून बघत होता, हे मला माहीत नाही. मोजणीला तो "हूं" म्हणत नसे. मी थांबायचो, तोही थांबायचा, आणि दोघंही थोडा वेळ तसेच बसून मग पुढं जायचो.

रोज सकाळी मी उठायच्या आधी तो पेटीपाशी गेलेला असे. कापड उघडून, दाराच्या उजेडात तिरपं धरून, आदल्या दिवशीच्या ओळींवरून बोट फिरवत असे. मला वाटे काम तपासतो आहे.

आभाळ पुरं झालं. पांढरे ढगही भरले. आईनं कापडावर डोकं टेकवलं आणि त्या दिवशी ती पोटभर जेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी दादा पुन्हा पेटीपाशी बसलेला दिसला. आता काय बघायचं राहिलं, म्हणून मी जवळ गेलो. ढगाच्या कडेला एका फुलीवर त्याचं बोट होतं. ती एकटी उलट कललेली होती. मी म्हटलं, राहिली असेल नजरचुकीनं, उसवून देऊ का?

"मी मुद्दाम घातली होती," तो म्हणाला. "पयल्याच दिवशी. रोज बघतोय. नाय उसवली तिनं."

त्यानं कापडाची घडी घातली, पेटी लावली आणि बैल सोडायला गेला.