गोळ्या कुणाच्या

बाइंडिंगच्या कारखान्यात तिला सगळे फूटपट्टी म्हणत. कागदाची गड्डी पात्याखाली सरकवावी ती तिनंच. सूतभर फरक पडायचा नाही. अशा बाईच्या हातून त्या सकाळी चहाचा कप उडाला. त्याच कारखान्यात शिलाईला असलेला नवरा हसला, "फूटपट्टी वाकली काय गं?" तिनं मान खाली घालून चहा पुसून घेतला.

तेराव्या वर्षापासून तिला फिट यायच्या. रोजच्या गोळीनं त्या दबल्या होत्या आणि माहेरच्यांनी लग्नात ही गोष्ट गुलदस्त्यात ठेवली होती. चार वर्षं ती दोऱ्यांच्या डब्यात बाटली लपवून गोळी घेत आली. आता सासूनं नातवंडाचा धोशा लावला, म्हणून ती गुपचूप डॉक्टरीणबाईंकडे गेली.

"ही गोळी चालू असताना दिवस गेले, तर बाळाच्या पाठीचा कणा उघडा राहायचा धोका वाढतो," बाई म्हणाल्या. "कणा मिटतो पहिल्याच महिन्यात, आईला नीट कळायच्या आत."

एवढं ऐकूनच तिची गाळण उडाली. पुढचं ऐकायला थांबेल तर शपथ! घरी येऊन तिनं गोळ्याच बंद केल्या. शहाणपणाची कमालच म्हणायची.

आज चौथा दिवस; सकाळी कप उडालाच होता. मशीन जुनं, हातांनी गड्डी धरायची, पायानं पेडल दाबायचं. तिनं गड्डी धरली आणि खांद्यापासून हिसका आला. हात पुढे, पाय खाली. पातं तिच्या बोटांपासून इंचभर अंतरावर धाडकन उतरलं.

तिनं मेन स्विच बंद केला. शिलाईच्या टेबलावरून नवरा धावत आला. "लागलं?"

"नाही. अहो, मला फिट येतात. लहानपणापासून. चार दिवस गोळी घेतली नाही... बाळासाठी."

"चार वर्षं बोलली नाहीस?" एवढंच विचारून त्यानं तिला दवाखान्यात नेलं. वाटेत तो मागे न बघता तिच्या पुढेपुढेच चालत राहिला. त्या पाठमोऱ्या चालण्याची तिला पात्यापेक्षा जास्त भीती वाटली.

डॉक्टरीणबाई भडकल्याच. "बंद करायला कुणी सांगितलं? बाळाचा पत्ता नाही आणि आई पात्याखाली! गोळी आजच सुरू करायची. मग मी ती हळूहळू बदलेन, त्यात वर्ष तरी जाईल. फॉलिक ॲसिडही आत्तापासूनच. धोका कमी होईल, अजिबात उरणार नाही असं नाही. मी सांगेपर्यंत दिवस जाऊ द्यायचे नाहीत."

दारातच सासूनं विचारलं, "कामाच्या वेळी कुठं गेला होता दोघं?"

"आई, वर्षभर बाळाचं नाव काढू नकोस," चपला काढता काढता नवरा म्हणाला. "माझी औषधं चालू आहेत."

तिला एकदम हायसं वाटलं. आणखी चार वर्षं सहज झाकली गेली असती. पण मग तिला स्वतःचीच लाज वाटली. तिनं दोऱ्यांच्या डब्यातली बाटली आणून सासूपुढे ठेवली.

"औषधं माझी आहेत, आई. फिटची."

सासूचा चेहरा उतरला. "चार वर्षं फसवलंत मला." तिनं बाटली उचलून हलवली, आत किती गोळ्या उरल्यात ते पाहिलं. मग उठून तिनं पेल्यात पाणी ओतलं.

"आजची घेतलीस का?"