आरशातली रेघ

गल्लीतले सगळे त्यांना काका म्हणतात, अगदी वयाने मोठी असलेली माणसंसुद्धा. ज्याच्या वस्तऱ्याखाली मान द्यायची त्याच्याशी मानाने बोललेलं बरं, एवढाच त्यामागचा विचार असावा. काकांचं सलून एका खुर्चीचं. समोर भिंतभर आरसा, मागे वाट बघणाऱ्यांसाठी बाक, आणि संध्याकाळ झाली की कुरकुरायला लागणारे काकांचे दोन गुडघे.

काका-काकूंनी पोटाला चिमटा काढून जी शिल्लक टाकली होती ती दुसऱ्या खुर्चीसाठी. खुर्ची आली की एक चांगला कारागीर ठेवायचा आणि काकांनी निम्मा दिवस बसायचं, असं दोघांचं ठरलं होतं. तेवढ्यात शेजारच्या चष्मेवाल्याने घोळ घातला.

"काका, जन्म उभ्याने काढलात. आता बसून कमवा की! आमची लाइव्ह ट्रेडिंग रूम जॉइन करा."

ही रूम म्हणजे खोलीबिली काही नव्हे. शेअरबाजार चालू असताना एक 'सर' फोनवर भावाची रेघ दाखवत बोलत राहतात आणि शेकडो माणसं आपापल्या जागी माना डोलावतात. पहिला आठवडा फुकट. त्यानंतर वर्षाची फी, आणि ती भरली की दुसरी खुर्ची विसरायची. चष्मेवाला स्वतः कधीचाच आत शिरला होता. किती कमावलेत, असं विचारलं की "अजून शिकतोय" म्हणायचा, पण ते इतक्या रुबाबात की ऐकणाऱ्यालाच आपण अडाणी असल्यासारखं वाटावं.

काकांचा जीव टांगणीला लागला. हो म्हणावं तर खुर्ची जाते, नाही म्हणावं तर जग पुढे जातं आणि आपण कात्री वाजवत मागे. शेवटी त्यांनी ठरवलं, आठवडाभर ऐकायचं. सरांचं बोलणं पटलं तर भरायचे पैसे.

आता अडचण अशी की दुकानात चार्जिंगची एकच जागा, तीही मागच्या भिंतीला. काकांनी फोन बाकावरच्या फळीवर टेकवून ठेवला, एका कानात बिनवायरचा इअरफोन खुपसला आणि गिऱ्हाइकाच्या डोक्यावरून समोरच्या आरशात बघत शिकायला सुरुवात केली. उलटी अक्षरं त्यांना खटकायचा प्रश्नच नव्हता. मागच्या भिंतीवरचं घड्याळ, दारावरची पाटी, रस्त्यावरून कोण चाललंय, सगळं ते वर्षानुवर्षं आरशातच बघत आले होते. मान वळवणारा न्हावी कान कापतो, असं ते स्वतःच सांगत.

आणि सरांचं बोलणं पटलं! काय ते बोलणं. "इथे सावध राहायचं. ही पातळी टिकली तर मजा आहे, तुटली तरी मजा आहे. आपण दोन्हीकडे तयार!" जरा वेळाने, "बघा! म्हटलं होतं ना?" काका आरशात बघत. रेघ छान उतरत गेलेली असे. खरंच की, म्हटलं होतं. बाजार पडणार हे या माणसाला आधीच कळतं तर! त्या नादात एका गिऱ्हाइकाचा डावा कल्ला उजव्यापेक्षा बोटभर वर गेला. बिचारा नंतर दाराबाहेर कानापाशी हात लावून चाचपत उभा राहिला.

शेवटच्या दिवशी दुपारी दुकान रिकामं होतं. काकू डबा घेऊन आल्या होत्या. फोनवर 'शेवटच्या काहीच जागा शिल्लक' असा निरोप झळकला. काकांनी एक सुस्कारा सोडला, फळीवरचा फोन उचलला आणि पैसे भरायला बाकावर बसले. सर बोलतच होते.

काका एकदम म्हणाले, "अगं, हे काय? आत्ता तर पडत होतं!"

हातातली रेघ डावीकडून उजवीकडे झोकात चढत होती. काकांनी फोन आरशाकडे धरला. आरशात तीच रेघ उतरत होती. पुन्हा हातात, पुन्हा आरशात. काकूंना आधी वाटलं, यांना चक्कर येतेय. मग त्यांच्या लक्षात आलं आणि त्या पदर तोंडाला लावून खो खो हसत सुटल्या.

"आठवडाभर आरशातून बघत होतात? म्हणजे सगळं उलटं?"

"उलटं," काका कसंनुसं म्हणाले. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. "परत पहिल्यापासून बघायला हवं आता."

काकूंचं हसू थांबलं. त्यांनी डब्याचं झाकण तसंच हातात धरून विचारलं, "अहो, पण तुम्हाला तर त्यांचं बोलणं पटत होतं ना?"

"हो. शब्द न् शब्द."

"चढत असताना तुम्हाला पडताना दिसत होतं, तरी?"

काकांनी पुन्हा हातातल्या रेघेकडे बघितलं. इअरफोन अजून कानात होता. सर सांगत होते, "इथून वर गेला तर उत्तम, नाही गेला तरी आपण तयार." सुलटं बघितलं तरी पटत होतं, उलटं बघितलं तरी पटत होतं. रेघ आडवी झाली असती तरी पटलं असतं.

त्यांनी इअरफोन काढला. रस्त्यावरची सायकलची घंटा, पंख्याची घरघर, काकूंच्या बांगड्या, सगळं एकदम ऐकू यायला लागलं. छातीवर आठवडाभर बसलेलं काहीतरी उठून गेलं, आणि काकांना इतकं हलकं वाटलं की डोळ्यांत पाणीच आलं.

"चला, वाचलो," काकू म्हणाल्या. "पण वाईट नाही ना वाटत? मन लावून ऐकत होतात."

काकांनी नाही म्हणून मान हलवली.

"खरं सांगू? मला पहिल्या दिवसापासून जायचंच नव्हतं त्यात," ते म्हणाले. "फक्त नाही म्हणायची हिंमत होत नव्हती."