राऊटर मेला आणि आईची पिन

ऐका ना रे, आज मी घरचा राऊटर मारला. तोच, सिमकार्डवर वायफाय देणारा काळा डबा.

झालं काय, मला कळलं की त्यातलं कंपनीचं सॉफ्टवेअर काढून आपलं टाकता येतं. एवढ्याशा डब्यात आख्खा कॉम्प्युटर असतो म्हणे! मला आत बघायचंच होतं. शिवाय आमचं वायफाय फुकट वापरणाऱ्या शेजारच्या काकांना स्क्रीनवर "काका, जेवलात का?" असं दाखवायचं होतं.

चारला ताईचा ऑनलाइन इंटरव्ह्यू होता. मी दोनला सुरू केलं. लॅपटॉपच्या स्क्रीनवर आलं, पॉवर बंद करू नका. मी ओरडलो, "आई, बटणाला हात लावू नको, डबा मरेल!"

"हो, परवा मिक्सर फुटणार म्हणून ओरडला होतास, तसाच ना!" म्हणत आईने लादी पुसायच्या आधी नेहमीसारखं बटण बंद केलं.

खलास. एकही लाइट पेटेना. डब्यातलं सिम वेगळ्या कंपनीचं, आमच्या मोबाईलला घरात रेंजच नाही. ताईचं तोंड रडवेलं झालं.

गच्चीवर जाऊन मोबाईलवर शोधलं. मागच्या बारीक भोकातलं बटण दाबून धरायचं आणि पॉवर द्यायची, मग सॉफ्टवेअर परत टाकता येतं. पण भोकात जाणार काय? आईने बांगडीतली सेफ्टी पिन काढून दिली.

साडेतीनला लाइट पेटला. ताईचा इंटरव्ह्यू झकास झाला. आता आई बाजूला बसून विचारतेय, "आत अजून काय काय आहे, दाखव ना."

ते दाखवतो. पण मला सांगा, रोज मस्करी करणाऱ्याने खरं बोलताना नेमकं कसं बोलायचं?