शुक्राणूची शेपटी आणि शशिकलाबाई

शशिकलाबाईंना मी पहिल्यांदा भेटले ती संशोधनाच्या मुलाखतीत. मी म्हणाले, "खेकड्याच्या शुक्राणूला शेपटी नसते."

"बरोबर. पाहिलंय, की वाचलंय?"

वाचलेच होते. चौथीपर्यंत मी घरीच, आईजवळ शिकले; चुकले की घरचेच माणूस नाराज होई. तीच धास्ती घेऊन मी बाईंची विद्यार्थिनी झाले.

बाईंनी उभी हयात शुक्राणूंच्या शेपट्या पाहिल्या. बहुतेक प्राण्यांत शेपटीच्या आडव्या कापात कडेला नऊ सूक्ष्म जोडनळ्या आणि मध्ये दोन नळ्या दिसतात. कोळ्यांत मध्ये बहुधा तीन. असा फरक कोणत्या शाखेत पडला, यावरून प्राण्यांची नाती जुळवता येतात. पाहुण्यांनी विषय विचारला की आम्ही मुली चाचरत असू. बाई सरळ सांगत, "शुक्राणूंच्या शेपट्या. पोहे घ्या ना."

मला एका कोळ्यात शेपटीचा मध्य रिकामा दिसला. माझा प्रबंध त्यावरच उभा होता. बाईंनी शेपटीच्या तळापासून पुन्हा काप घ्यायला सांगितले. टोकाकडे मधल्या नळ्या संपतात. माझा काप तिथलाच असू शकत होता.

"बाई, फेलोशिप संपत आलीय."

"फेलोशिप संपते म्हणून शेपटी आखूड होत नाही. अगं, 'आहे' म्हणायला एक काप पुरतो. 'नाही' म्हणायला सगळे लागतात."

मी थकले होते. बाईही थकल्या होत्या. डोळ्याचे ऑपरेशन नुकतेच झालेले. तरी खडकीच्या घरून बस बदलत त्या प्रयोगशाळेत येत आणि सूक्ष्मदर्शकाच्या पडद्यासमोर माझ्याशेजारी बसत. अखेर तळाजवळच्या कापात तीन नळ्या दिसल्या. इतर कोळ्यांसारख्याच. मला रडूही आले नाही.

बाई म्हणाल्या, "लिही तसं. ही ओळ फारसं कोणी वाचणार नाही. पण वाचेल तो फसणार नाही." मग माझा न उघडलेला डबा त्यांनीच उघडला, अर्धी पोळी मला दिली, अर्धी स्वतः घेतली. पुढे प्रबंधाचे एकेक प्रकरण त्यांनी माझ्याबरोबर नव्याने बांधले.

शोधाविना तो प्रबंध मी दिला आहे. परीक्षकांचे मत अजून यायचे आहे. काय येईल, सांगता येत नाही. बाईंना आता पंच्याहत्तर पूर्ण होत आहेत. जे येईल ते सांगायला मी खडकीला जाईन, तेव्हा त्यांनी स्वतः उठून दार उघडावे. माझ्यानंतरच्या मुलींसाठीही, शंभरी ओलांडेपर्यंत, त्यांनीच उघडावे.