पाचवा एप्रन

डॉक्टरीणबाईंना पेशंट पाठीमागे 'एक्स-रे' म्हणत. "पथ्य अगदी काटेकोर पाळतो," असं कुणी म्हटलं की बाई आधी त्याची जीभ बघायच्या, मग त्याच्या बायकोचं तोंड. विश्वास म्हणून कुणावर नाही!

अशा बाई कामाचे कपडे घ्यायला गेल्यावर दुकानदाराची काय धडगत! "शुद्ध सुती आहे, मॅडम," तो म्हणाला. बाईंनी आतल्या शिवणीचा दोरा उपसला, काडीने जाळला आणि वास घेतला. मग एप्रन अंगात घालून भर दुकानात उकिडव्या बसल्या. काखेत काचतंय का, वाकल्यावर खिशातलं पेन पडतंय का, सगळं पाहून फिकट निळे पाच एप्रन घेतले.

त्यांचा टॅक्सचा सल्लागार म्हणाला, "खर्चाची वजावट हवी तर कपडे फक्त कामाचेच दिसले पाहिजेत. लग्नाला घालता येतील असे नकोत."

"एप्रन घालून लग्नाला कोण जातं हो?"

"मला नका विचारू. नियम मी केलेला नाही."

बाईंनी पाचही खिशांवर दवाखान्याचं नाव भरून घेतलं. तरी मनात पाल चुकचुकलीच. टॅक्सवाले बिल खोटं आहे म्हणाले तर? सगळी कागदपत्रं त्यांनी स्वतःच्या हातांनी पिशवीत बांधून सल्लागाराकडे पाठवली.

आठवड्याने धुऊन आलेले एप्रन मोजले, तर चारच! तीनदा मोजले. कपाटाच्या किल्ल्या दोन. एक बाईंकडे, दुसरी सिस्टरकडे. सिस्टर अठरा वर्षं कामाला. ती गेली तर दवाखाना चार दिवससुद्धा चालायचा नाही, हे बाईंना पक्कं ठाऊक होतं. पण सिस्टरची लेक नुकतीच दुसऱ्या एका दवाखान्यात नोकरीला लागली होती. तिला कपडे लागणारच की! हे डोक्यात आलं आणि बाईंना राहवेना.

"सिस्टर, किल्ल्या दोनच आहेत ना कपाटाच्या?"

सिस्टरने हातातला चिमटा खाली ठेवला. आपली पिशवी आणून तपासणीच्या टेबलावर उपडी केली. डबा, छत्री, चष्मा, आणि बाईंनीच लिहून दिलेलं गुडघ्याचं मलम.

"अहो, मी कुठं काय म्हटलं?" बाई म्हणाल्या. म्हणता म्हणता पिशवीचा तळ मात्र बघून घेतला.

चार दिवसांनी सल्लागार कागदपत्रांची पिशवी घेऊन दारात हजर. "मॅडम, पुराव्याला बिल पुरतं. हा एप्रन कशाला पाठवलात?"

एप्रनला बिल टाचलेलं होतं. टाचणी बाईंनीच लावली होती. बाईंचं तोंड एवढंसं झालं. मेल्याहून मेल्यासारखं वाटलं. भरल्या दवाखान्यात त्या उठल्या आणि म्हणाल्या, "चुकलं माझं, सिस्टर." हे शब्द त्यांच्या तोंडून आजवर कुणी ऐकले नव्हते.

"होतं असं, बाई," सिस्टर म्हणाली आणि पुढच्या पेशंटची पट्टी कापू लागली.

संध्याकाळी निघताना तिने पिशवी टेबलावर ठेवली, दोन्ही बंद धरून ती उघडी केली आणि उभी राहिली.

"अहो, सापडला ना एप्रन! काय हे, लाजवता काय मला?"

"लाजवत नाही, बाई. रोज बघत जा, म्हणजे तुम्हालाही बरं आणि मलाही."

बाईंनी मान फिरवली. पण फिरवण्याआधी नजर पिशवीत जाऊन आलीच, आणि ते सिस्टरने पाहिलं.